कागदाचे आबा

अण्णा,

तुमची नात आज आबांना घेऊन शाळेत गेली. बिस्किटांच्या मोठ्या चौकोनी डब्यात, खाली-वर स्वतःच्या जुन्या टी-शर्टांची गादी करून. लिफ्टमध्ये शेजारच्या चिनी आजींनी डब्याकडं बोट दाखवून विचारलं, "केक, आह?" तर ही बिनधास्त म्हणाली, "नो आंटी, माय ग्रेट-ग्रँडफादर." आजी बिचाऱ्या पुढचे अकरा मजले डब्याकडं बघत कोपऱ्यात सरकून उभ्या राहिल्या. मी तिला बस स्टॉपवर सोडून परत आले, ऑफिसात रजा कळवलेलीच होती, आणि आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत एकदाही लिहिलं नाही, कारण लिहायला घेतलं की एका दुपारपाशी येऊन थांबावं लागणार हे मला माहीत होतं. आबांना मी त्या दुपारी काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं होतं का? एवढंच विचारायचं आहे, आणि विचारायला तुम्ही नाही.

सुरुवात मागच्या आठवड्यात झाली. हिच्या वर्गात प्रत्येकानं जुन्या जगातलं एक घर सगळ्यांसमोर उभं करायचं होतं. हिच्या वाट्याला रोमन आले. मी कणीक मळत होते, ही सोफ्यावर आडवी पडून लॅपटॉप पोटावर घेऊन विचारते, "ममा, रिच रोमन्स फ्रंट रूममध्ये काय ठेवायचे?" हात न थांबवता माझ्या तोंडून आलं, "वाडवडिलांचे मेणाचे मुखवटे. लाकडी कपाटात. एरवी दारं बंद, सणाच्या दिवशी उघडी. घरात कोणी गेलं की बाहेर काढायचे, नट लोक ते तोंडावर चढवायचे, त्या-त्या पूर्वजाचे कपडे घालायचे आणि चौकात हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीनं बसायचे. मग मुलगा भाषण करायचा." तिनं लॅपटॉपवर खात्री करून घेतली आणि माझ्याकडं अशी पाहायला लागली की जणू मी आत्ताच लॅटिन बोलले. "हाऊ यू नो? यू इंजिनियर लेह," म्हणाली, सिंगापूरच्या पोरांसारखं शेवटी 'लेह' लावून. मी म्हणाले, माझ्या वडिलांनी शिकवलं. आणि कणीक मळता मळता तुमची इतकी आठवण आली अण्णा, की पिठात पाणी जास्त पडलं आणि त्या रात्री आम्ही पोळ्यांऐवजी धिरडी खाल्ली.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला नववीचा वर्ग. पुस्तकात रोमला दीड पान होतं, तुम्ही त्याला तीन आठवडे दिलेत. हेडमास्तरांनी टोकलं तेव्हा तुम्ही अगदी नम्रपणे म्हणालात, "सर, साम्राज्य मोठं आहे." वर्गात मी तुम्हाला सर म्हणायचे आणि घरी अण्णा, आणि मधल्या सुट्टीत काय म्हणायचं ते मला कधीच ठरवता आलं नाही. तुम्ही पुढच्या दोन बाकांना सरदार केलंत आणि मागच्या सगळ्यांना सामान्य जनता. सरदारांनी खडू धरायचे, जनतेनं पाणी आणायचं, फळा पुसायचा, घंटा द्यायची. चौथ्या दिवशी तुम्ही जनतेच्या कानात काहीतरी सांगितलंत आणि सगळा मागचा वर्ग उठून लिंबाखाली जाऊन बसला. रोममध्येही असंच झालं होतं, सामान्य लोक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले होते. दुपारपर्यंत सरदारांच्या घशाला कोरड पडली, कोणी पाणी आणेना, आणि मग तह झाला. जनतेला आपला माणूस मिळाला, ज्याच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही आणि ज्यानं 'मनाई' म्हटलं की सरदारांचा ठराव तिथंच अडायचा. तुम्ही सांगत होतात, "या माणसाच्या घराला एकच नियम. दार कधी लावायचं नाही. कोणीही, केव्हाही आत येऊ शकला पाहिजे." मला त्यात नवल वाटलं नव्हतं. आपल्या क्वार्टरचं दार तरी कुठं लागायचं? कोणी दाखल्यासाठी, कोणी अर्ज लिहून घ्यायला, कोणी नुसतंच, आईच्या हातचा चहा प्यायला.

सम्राट तुम्ही दोन तासांत उरकलेत. "सम्राट परीक्षेपुरते," म्हणालात. तुमचा जीव अडकला होता मुक्त झालेल्या गुलामात. मालकानं सोडला की त्याला डोक्यावर टोपी मिळायची, नाव मात्र मालकाचं लावावं लागायचं. हा माणूस पुढं कष्टानं वर यायचा, स्वतःची कबर आधीच बांधून ठेवायचा आणि तिच्यावर आपल्या कामाची हत्यारं कोरून घ्यायचा. भट्टी, हातोडा, कात्री, जे असेल ते. सरदार लोक हसायचे. "हसू द्या," तुम्ही खडू हातात घोळवत म्हणालात, "त्यानं लपवलं नाही." मग वर्गाला गृहपाठ दिलात, आपल्या आजोबांची कबर काढा, वर त्यांचं हत्यार काढा. कोणी नांगर काढून आणला, कोणी तराजू, एकीनं शिलाई मशीन. मी एक उघडं पुस्तक आणि पेन काढला. चांगला आला होता, टोपणासकट.

वर्गात तुम्ही सगळ्यांच्या वह्या गोळा केल्यात. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही माझी वही घेऊन तिथंच पाटावर बसलात आणि पेनावर बोट ठेवलंत. "हा कोणाचा?" मी म्हणाले, आबांचा. "आबांना अक्षर येत होतं?" मी म्हणाले, नाही. मग तुम्ही उठलात, आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीतून आबांचा हातोडा आणलात आणि माझ्या मांडीवर ठेवलात. दांडा नव्हता, नुसतं लोखंड, पण मांडी खाली गेली. "माझा पेन त्यांना दिलास, ते चांगलं केलंस. पण त्यांचा हा कुठं ठेवलास, बाई?" आवाज चढवला नाहीत. आईची भाकरी उलटायची राहून गेली आणि करपल्याचा वास सगळीकडं पसरला. मग तुम्ही सांगितलंत. आबा आधी गावकीची कामं करायचे. कोणाच्या घरी माणूस गेलं की कोसकोस चालत जाऊन पाहुण्यांना सांगावा द्यायचा, मेलेलं ढोर ओढून न्यायचं. त्या कामाची खूण म्हणून हातात एक काठी असायची. दीक्षा घेतली त्या वर्षी आबांनी गावकीची ती काठी चावडीपुढं नेऊन ठेवली, 'आता ज्याला लागेल त्यानं उचलावी' म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून सडकेवर खडी फोडायला गेले. त्या खडीवर तुम्ही मास्तर झालात. मी त्या रात्री जेवले नाही. आज इतक्या वर्षांनी सांगते, मला तुमचा राग आला नव्हता, माझी मलाच लाज वाटत होती. पण ती लाज मी लक्षात ठेवायला हवी होती तेवढी ठेवली नाही.

आबांचा एकही फोटो नव्हता. पुढच्या रविवारी तुम्ही घमेल्यात जुने पेपर आणि तपासून झालेल्या उत्तरपत्रिका भिजत घातल्यात. आई टोपल्यांसाठी करायची तसाच लगदा, कीड लागू नये म्हणून वाटलेल्या मेथ्या घातलेला. आई म्हणाली, "मास्तर, टोपली करताय की रोम?" तुम्ही उपड्या पातेल्यावर लगदा थापून आठवेल तसा चेहरा घडवत होतात. नाक तुमचंच, कपाळ आत्याचं, कान अंदाजानं. डाव्या भुवईवर, कपची उडून लागली होती तिथं, नखानं एक खूण केलीत. सावलीत वाळवून गेरू लावलात आणि भिंतीतल्या फडताळात ठेवलात. पूजा नाही, नैवेद्य नाही. "हे देव नाहीत, आबा आहेत. नुसतं दार उघडायचं." जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला तुम्ही सकाळी पांढरा शर्ट घालून फडताळाची दारं उघडायचात आणि संध्याकाळी लावायचात. एकदा म्हणालात, ज्याच्या घरात एकही मुखवटा नाही आणि तरी जो मोठ्या पदाला पोचला, त्याला रोमन लोक 'नवा माणूस' म्हणायचे. ते नाक मुरडून म्हणायचे, तुम्ही मात्र ते शब्द पेढा खावा तसे चवीनं उच्चारलेत.

मी सिंगापूरला निघाले तेव्हा आई नव्हती. तुम्ही तिच्या मऊ लुगड्यात आबांना गुंडाळून माझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलंत. मी म्हणाले, तुमच्याकडं राहू द्या की. तुम्ही म्हणालात, "रोममध्येही मुली माहेरचे मुखवटे सासरी न्यायच्या. वाचलंय मी." तुम्ही खरंच वाचलं होतं की तेवढ्यापुरतं रचलं होतं, याचा मी कधी तपास केला नाही. काल रात्री हिनं शोधलं. खरं आहे, अण्णा.

आता ती दुपार. तुम्ही नातीला पाहायला आला होतात, ती आठ महिन्यांची होती. आम्ही तेव्हाही सेम्बावांगलाच राहत होतो, लहान भाड्याच्या फ्लॅटमध्ये, माझ्या जहाजांच्या यार्डाजवळ. आबा टीव्हीशेजारच्या उघड्या शेल्फवर होते. तुम्ही आल्या आल्या त्यांच्याकडं पाहिलंत आणि "बरं आहे, समुद्राजवळ आले," म्हणालात. शनिवारी माझ्या ऑफिसातला एक जण आणि त्याची बायको बाळाला बघायला आले. पुण्याची, साधी, हसतमुख माणसं. चहा मी करतो म्हणून तुम्ही हट्टानं आत गेलात. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कोणाला काही कळत नाही. म्हणून लोक पुढचा प्रश्न विचारतात, मूळचे कुठले, आणि उत्तर ऐकून थोडं थांबतात. त्यांनीही विचारलं, तेही थांबले. कदाचित चहाचीच वाट बघत असतील. पण त्या थांबण्याची मला तेव्हा फार भीती वाटायची. यार्डात मी जहाजांची वेल्डिंग तपासते, केसाएवढी भेग माझ्या नजरेतून सुटत नाही, पण माणसं समोर बसून दोन सेकंद गप्प झाली की ती भेग मी घाईनं काहीतरी बोलून बुजवायचे.

तेवढ्यात त्याच्या बायकोनं शेल्फकडं पाहिलं. "अगं, हा मुखवटा किती वेगळा आहे! कोणाचा गं?" आणि मी म्हणाले, "कोणाचा नाही गं. हँडीक्राफ्ट आहे, एका प्रदर्शनात मिळाला." ती म्हणाली, "छान आहे. ट्रायबल वाटतो." मी म्हणाले, "हो ना." एवढंच. वेळ मारून नेली. मग तुम्ही ट्रे घेऊन बाहेर आलात, "घ्या, चहा घ्या," म्हणालात. मी ओळख करून दिली, हे माझे वडील, इतिहास शिकवायचे. त्यानं कौतुकानं विचारलं, "वा सर, कोणता काळ?" तुम्ही म्हणालात, "रोमनांचा," आणि हसलात. नंतर तासभर तुम्ही त्यांच्याशी गप्पा मारल्यात, बाळाला पायावर झोपवलंत. शेल्फकडं एकदाही पाहिलं नाहीत. मी स्वतःला समजावलं की तुम्ही आत कपबशा विसळत होतात, नळ चालू होता, आणि त्या फ्लॅटचा नळ सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा खडखडायचा. नळ चालू असताना बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. चौदा वर्षं मी याच नळावर विसंबून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, लिटिल इंडियात जाऊ, मेथ्या लागतील. इथल्या दमट हवेनं आबांचा डावा कान सुटला होता. आपण एमआरटी मेट्रोनं गेलो, येताना तुम्ही मुठीत मेथीदाण्यांची पुडी धरून सगळा रस्ताभर उभे राहिलात, कोणी जागा दिली तरी बसला नाहीत. घरी येऊन इथलाच इंग्रजी पेपर भिजवलात आणि कान बसवायला लागलात. बाळ तुमच्यासमोर चटईवर पालथं पडलं होतं. तुम्ही त्याच्याशी बोलावं तसं बोललात. "रोमनांचं एक शिकवायचं राहून गेलं होतं. स्वतंत्र माणूस कबरीवर लिहायचा, मी अमक्याचा मुलगा. गुलाम होता त्याला तसं लिहिता यायचं नाही, कारण कायद्यानं गुलामाला बापच नसायचा. त्यानं लिहायचं, मी अमक्या मालकानं सोडलेला. पण त्याला पुढं जो मुलगा व्हायचा ना, तो जन्मापासून पुरा नागरिक. त्याला बापाचं नाव लावता यायचं. आता लावायचं की नाही, ते त्याच्यावर." कान बसला. तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, "आमच्या आबांना बाप होता. मलाही होता." मी बाळाचं दूध गरम करत होते. मी म्हणाले, "अण्णा, आंघोळीला पाणी काढू का?" मला त्यात धडाच दिसला, दुसरं काही नाही, असं मी ठरवून टाकलं.

तुम्ही परत गेलात आणि मी आबांना कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. दमट हवेचं निमित्त होतं. पुढच्याच वर्षी तुम्ही गेल्याचा निरोप आला. मी पोचले तेव्हा विहारासमोर अर्धा गाव बसला होता, तुमचे विद्यार्थी, कोणी ग्रामसेवक, कोणी नर्स, कोणी कंडक्टर. मला कोणीतरी म्हणालं, ताई, दोन शब्द बोला. मी उभी राहिले आणि मला सगळ्यांत आधी खुर्ची शोधावीशी वाटली. त्या दिवशी आबांनी तिथं खुर्चीवर बसून ऐकायला हवं होतं, तुम्हीच शिकवलं होतंत तसं. ते इथं सेम्बावांगला होते, दाराआड. मी नुसते हात जोडले आणि खाली बसले. त्यानंतर तेरा वर्षं जयंतीलाही मी ती दारं उघडली नाहीत.

काल हिनं उघडली. स्टुलावर चढून. "ममा, तो हँडीक्राफ्ट मास्क आहे ना, कॅन आय यूज फॉर रोमन्स?" अण्णा, मी तिला आधी स्टुलावरून खाली उतरवलं. घरात कधीतरी कोणीतरी विचारलं असेल, मी पुन्हा तेच सांगितलं असेल आणि पोरीनं तेच धरलं. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. काठी, सडक, खडी, उत्तरपत्रिकांचा लगदा, मेथ्या. ती भुवईवरच्या खुणेवरून बोट फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "मग तू हँडीक्राफ्ट का बोलली?" मी तिला त्या दुपारच्या पाहुण्यांबद्दल सांगितलं आणि म्हणाले, घाबरले होते. "हू? हूला घाबरली? त्या आंटीला?" मला नाव घेण्यासारखं कोणीच सापडेना. तिनं हळूच विचारलं, "आजोबांनी ऐकलं?" तिचे डोळे भरले होते, आणि तेव्हा मला दिसलं की नाक तुमचंच आलं आहे. मी म्हणाले, "नाही गं. ते आत होते. नळ चालू होता." तिचा जीव भांड्यात पडला. "ओके लाह. देन ही नेव्हर हिअर." तिनं आबांना डब्यात ठेवलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि खाली इंग्रजीत, 'यांनी रस्त्यासाठी दगड फोडले.' हातोडा इथं नाही, म्हणून तो तिनं चित्रात काढला आहे, टोपण घातलेल्या पेनासारखा दिसतो, पण आहे हातोडाच. वर्गात एक खुर्ची रिकामी ठेवायला टीचरनी परवानगी दिली आहे.

आत्ता अकरा वाजत आले. तिची पाळी साडेअकराला आहे. म्हणजे थोड्या वेळात आबा खुर्चीवर बसतील आणि तुमची नात बोलेल, आणि मला तिथं तुम्ही हवे होतात अण्णा, मागच्या बाकावर, खडूचा हात शर्टाला पुसत. हे पत्र कुठं टाकायचं नाही. घडी करून फडताळात ठेवलं असतं, पण इथं फडताळ नाही, तेव्हा त्या डब्यात राहील. तीन वाजता ती येईल, तेव्हा तिला एक गोष्ट पुन्हा सांगावी लागेल. त्याआधी ती तुम्हाला सांगते, म्हणजे जीभ वळेल.

नळ बंद होता. मी 'कोणाचा नाही' म्हणाले तेव्हा आत तुम्ही कपाखाली बशी ठेवलीत, आणि ती ठेवल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला होता.